केसाळ कारकुनाची चाल

स्टुडिओच्या फाटकावर बाईंचं खरं नाव सांगितलं तर पहारेकरी वहीची पानं उलटत बसतो. ‘पावलंवाल्या बाई’ म्हटलं की वही न उघडताच तळमजल्याकडे बोट दाखवतो. गेली चौदा वर्षं बाई तिथे बारा बाय पंधराच्या, एकही खिडकी नसलेल्या खोलीत चालतात. कुठे जायचं नसतं, नुसतं चालायचं असतं. पडद्यावर कुणी जिना चढलं की त्या जागच्या जागी जिना चढतात, कुणी वाळूतून पळालं की वाळूच्या चौकटीत पळतात, आणि काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट तो आवाज टिपून घेतो.

जमिनीत अशा सहा चौकटी आहेत. खडी, वाळू, फरशी, जुन्या फळ्या, गवत म्हणून कॅसेटींच्या फितीचा गुंता, आणि एक रिकामी, जिच्यात लागेल ते ओततात. भिंतीलगतच्या मांडणीवर एकशे चाळीस जोड बूट आणि चपला आहेत. त्यातला एकही बाई रस्त्यावर घालत नाहीत.

बाई बावन्न वर्षांच्या आहेत. स्टुडिओच्या आधी अठरा वर्षं त्या चपलांच्या दुकानात होत्या. बुटक्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकाच्या पायात जोडा चढवायचा आणि ‘दहा पावलं चालून बघा’ म्हणायचं, हे काम. बाकीचे विक्रेते तेव्हा जोड्याकडे बघत, बाई गिऱ्हाइकाच्या खांद्याकडे. “जोडा चावत असला तरी माणूस पाऊल नीटच टाकतो, चारचौघांत लाज वाटते त्याला,” असं त्या म्हणतात. “खांद्याला लाजता येत नाही.”

एके दिवशी हा रेकॉर्डिस्ट दुकानात आला आणि एकाच मापाचे अकरा जुने जोड मागू लागला. मालकाला वाटलं, याचं डोकं फिरलंय. बाईंनी कशाला हवेत ते विचारलं. पुढच्या सुट्टीला त्या त्याचं काम बघायला गेल्या आणि महिन्याभरात दुकान सुटलं.

यंदा त्यांच्याकडे आलेला सिनेमा ॲनिमेशनचा होता. हेरगिरीचा, आणि विनोदी. कुत्रे आणि शेळ्या यांचं एका कुरणावरून पिढ्यानपिढ्यांचं वैर. कुत्रे म्हणतात, कुरण आम्ही राखलं. शेळ्या म्हणतात, राखलंत खरं, पण वापरात आम्ही ठेवलं. दोघांचीही गुप्तहेर खाती आहेत. कुत्र्यांचं मुख्यालय बंद पडलेल्या लॉन्ड्रीत आहे. शेळ्यांचं एका ग्रंथालयाच्या माळ्यावर, जिथे गुप्त कागद वाचून झाला की पुरावा राहू नये म्हणून खाऊन टाकतात, आणि पुष्कळदा वाचायच्या आधीच खातात. कुत्र्यांचा प्रत्येक बेत शेळ्यांना आदल्या दिवशी कळतो. मग लॉन्ड्रीतला घरभेदी कोण, हा सगळा खेळ. लॉन्ड्रीचा प्रमुख म्हणजे जमिनीला टेकणारा लांब कोट घातलेला म्हातारा बुलडॉग. त्याच्या हाताखाली एक केसाळ कारकून, डोळ्यांवर झुलपं, केस थेट फरशीपर्यंत, तोंडात कायम ‘हो साहेब’.

घरभेदी हा कारकूनच. केसांखाली तो कुत्रा नसून शेळी आहे. हे शेवटच्या, म्हणजे सहाव्या भागात उघड होतं, आणि ते फक्त चौघांना ठाऊक होतं. सिनेमा लिहिणारी दिग्दर्शिका, वरच्या मजल्यावर प्राण्यांच्या चाली काढणारे चालमास्तर, कारकुनाला आवाज देणारा नट, आणि निर्मिती व्यवस्थापक. व्यवस्थापकाला सगळे मागे ‘कुलूप’ म्हणतात. सहावा भाग त्याने स्वतःच्या कपाटात ठेवला होता आणि कपाटाची किल्ली कमरेला. बाकी सगळ्यांकडून त्याने गुप्ततेच्या कागदावर सह्या घेतल्या होत्या. कुणाशी काही बोललात तर काम गेलं, आणि का गेलं ते इतर स्टुडिओंना कळवलं जाईल, असं त्यात लिहिलेलं. बाईंनीही सही केली. त्यांच्याकडे तोवर दुसरा आणि तिसरा, असे दोनच भाग आले होते.

स्टुडिओतही दोन मजल्यांचं फारसं सख्य नाही. वरचा मजला चित्रांचा, खालचा आवाजांचा. चालमास्तर आणि बाई सात वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत, कारण एक बदक. बाईंनी त्या बदकाला दिलेली पावलं ऐकून मास्तरांनी चिठ्ठी पाठवली, ‘बदक चालतं, टाळ्या वाजवत नाही.’ बाईंनी चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं, ‘तुमचं चालत नव्हतं, घसरत होतं. टाळ्या वाजवून सावरलं.’ तेव्हापासून व्यवहार चिठ्ठ्यांवर.

कुत्र्यांसाठी बाई सुती हातमोजे घालतात, बोटांच्या टोकांना कागदाच्या पिना लावलेल्या असतात. मोजा पडला की पंज्याची मऊ थाप आणि पिनांची नखं, दोन्ही एकदम येतात. शेळ्यांसाठी त्यांनी बायकांच्या बुटांच्या लाकडी टाचा उपटून दोन दोन टाचा इलॅस्टिकने बांधल्या आहेत, कारण खूर दुभंगलेला असतो आणि त्याचा आवाज एक नसून दीड असतो. दुसऱ्या भागातले सगळे कुत्रे पहिल्या आठवड्यात झाले. अडला तो कारकून. तीन दिवस मोजे बदलले, पिना बदलल्या, फळ्या बदलल्या, पण आवाज चित्रावर बसेना.

चौथ्या दिवशी बाईंनी त्याच्या पायांकडे बघणं सोडलं. पाय तसेही केसांत होते. त्यांनी खांदा बघितला. पंजा टेकला की पसरतो, भार जिरवतो, आणि मग खांदा जरा उशिराने खाली येतो. कारकुनाच्या खांद्याला पाय टेकताक्षणीच हिसका बसत होता. खाली काहीच जिरत नव्हतं. बाईंनी डाव्या हातात मोजा ठेवला, उजव्यात टाचा घेतल्या, आणि मोज्याच्या थापेखाली टाचा अगदी हलक्या वाजवल्या. पहिल्याच टेकमध्ये कारकून चालायला लागला.

“ताई, हे काय केलंत?” रेकॉर्डिस्टने विचारलं.

“आत शेळी आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला काय माहीत? गोष्ट त्यांची, पाय आपले. पुढचं घे.”

सोमवारी दुपारी चारला दिग्दर्शिका आणि कुलूप दुसरा भाग ऐकायला खाली आले. दिग्दर्शिका छत्तीस वर्षांची, खुर्ची दिली तरी जमिनीवर बसणारी. कुलूप उभाच राहतो. त्या दिवशी तो आधीच तापलेला होता. चार दिवसांपूर्वी एका साप्ताहिकाच्या करमणुकीच्या पानावर ओळ छापून आली होती, की येऊ घातलेल्या एका प्राणीपटात कुत्र्यांच्या गोटात शेळी शिरली आहे म्हणे. तेवढीच ओळ. पण कुलूप तेव्हापासून जेवला नव्हता असं त्याचा ड्रायव्हर सांगत होता.

भाग सुरू झाला. दिग्दर्शिका हसली, दोनदा मांडीवर थाप मारली. मग कारकून फायलींचा गठ्ठा घेऊन लांबलचक बोळातून चालत आला आणि ती हसायची थांबली.

“मागे घे जरा. हां. परत लाव.”

परत लावलं.

“थापेखाली टिकटिक कसली ऐकू येतेय?”

“खूर,” बाई म्हणाल्या.

“कुणाचे?”

“त्याचेच. शेळी आहे ना तो.”

खोलीच्या भिंतींना आणि छताला स्पंज आहे, त्यामुळे तिथली शांतता इतर खोल्यांपेक्षा जास्त शांत असते. त्या शांततेत कुलपाच्या कमरेच्या किल्ल्या तेवढ्या वाजल्या.

“कुणी सांगितलं तुम्हाला?” तो म्हणाला.

“कुणी कशाला सांगायला हवं? दिसतंय की.”

“कुठे दिसतंय? केस आहेत त्याला जमिनीपर्यंत! तीनशे लोक काम करतायत या सिनेमावर, कुणाला दिसलं नाही, तुम्हाला दिसलं?”

“तीनशे लोकांना त्याच्याबरोबर चालावं लागत नाही.”

“अहो बाई, माझ्या कपाटाला कुणी हात लावला?”

“तुमचं कपाट मी बघितलेलंसुद्धा नाही.”

रेकॉर्डिस्टने मधे पडायचा प्रयत्न केला. “साहेब, मी होतो ना इथे. ताईंनी खांदा बघून...”

“तू गप्प बस. तुझाही नंबर आहे.”

दिग्दर्शिका काही बोलली नाही, आणि बाईंना तेच लागलं. ती नुसती त्यांच्याकडे बघत होती. कुलपाने बाईंच्या गळ्यातलं प्रवेशपत्र मागून घेतलं. उद्या सकाळी दहाला या, म्हणाला, तेव्हा ठरवू.

काय ठरणार ते बाईंना सांगायची गरज नव्हती. शहरात असले पाच स्टुडिओ आहेत आणि पावलं वाजवणारे जेमतेम चार जण. सगळे एकमेकांना ओळखतात. गुपित फोडलं असा शिक्का एकदा बसला की पाचही दारं बंद. मग बावन्नाव्या वर्षी पुन्हा बुटकं स्टूल, तेही कुणी ठेवून घेतलं तर.

घरी नवरा आणि थोरली नणंद असे दोघं आहेत. नवरा पाण्याचे मीटर वाचण्याच्या नोकरीत. नणंद इस्पितळातून निवृत्त झालेली वॉर्ड सिस्टर, अजूनही घर वॉर्डासारखं चालवते. बाई साडेपाचलाच दारात उभ्या बघून तिने घड्याळाकडे पाहिलं.

“लवकर सोडलं?”

“काढलं म्हणा वन्सं. अजून पुरतं नाही. उद्या ठरणार.”

“का? काय केलंस?”

“मी काही केलं नाही. त्यांना वाटतंय मी एक गुपित फोडलं.”

“कसलं गुपित?”

“ते सांगता येत नाही. सही केलीये.”

नणंदेने चष्मा काढला. “म्हणजे तुला चोर ठरवलंय, आणि काय चोरलं ते घरात सांगायचीही बंदी?”

“एका जनावराबद्दल आहे.”

“कुठलं जनावर?” नवऱ्याने आतून विचारलं.

“अहो, तेच तर सांगता येत नाही!”

नवरा बाहेर आला, टॉवेलला हात पुसत. “अगं पण तू फोडलंयस का?”

“मला माहीतच नव्हतं की ते गुपित आहे! मला वाटलं सगळ्यांना दिसतंय.”

“हे काही बरोबर नाही,” तो म्हणाला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्याने जगाबद्दल दिलेलं हे सगळ्यात कडक मत असावं.

नणंद मात्र मुद्द्यावर होती. “तुला ते कसं कळलं, ते त्यांच्यासमोर परत करून दाखवता येईल का?”

“येईल.”

“मग रडून भेकून काही सांगत बसू नकोस. आमच्याकडे नवा डॉक्टर यायचा, नाडी बघून सांगतो म्हणायचा. मी म्हणायचे, बघा. समोर पेशंट आहे, मी उभी आहे, बघा. दोन मिनिटांत कळायचं, येतं की नाही ते. तूही म्हण, लावा समोर.”

सकाळी दहाला खोलीत तेच चौघं होते. कुलपाच्या हातात एक टाइप केलेला कागद होता, खाली सहीपुरती जागा मोकळी. बाईंनी तो घेतला नाही.

“आधी मला चित्रं लावून दाखवा,” त्या म्हणाल्या. “मी कधीच न पाहिलेली. सगळी काळी करून लावा, नुसती सावली. कोण चालतंय ते मी सांगते. चुकले तर तुमचा कागद द्या, मी सही करते.”

“ही काय जत्रा आहे?” कुलूप म्हणाला.

“लावा,” दिग्दर्शिका म्हणाली. कालपासूनचा तिचा पहिला शब्द. “निवड तुम्हीच करा. चौथ्या आणि पाचव्या भागातली घ्या, ती खाली आलेलीच नाहीत.”

कुलूप कॉम्प्युटरशी बसला. पंचवीस मिनिटं लागली. रेकॉर्डिस्टने तेवढ्यात तीनदा चहा विचारला आणि एकदाही आणला नाही. बाई मधल्या फळ्यांच्या चौकटीवर उभ्या होत्या, हाताची घडी घालून. शेवटी पडदा पांढरा झाला आणि डावीकडून एक काळी आकृती चालत आली. चार पाय, पाठीवर मोठा उंचवटा.

बाईंनी दोनदा पाहिलं. “कुत्रा. पाठीवर ओझं आहे त्याच्या, आणि ते हलतंय. पाणी असेल.”

कुलपाने दिग्दर्शिकेकडे पाहिलं. लॉन्ड्रीतून पाण्याने भरलेला टब पळवणारा कुत्रा होता तो.

दुसरी आकृती दोन पायांवर होती, टोपी घातलेली, कमरेत झुलत चालणारी.

“शेळी. मागच्या पायांवर उभी आहे आणि उंच टाचांचे बूट घातलेत. डावा बूट मोठा होतोय तिला.”

दिग्दर्शिकेने तोंडावर हात ठेवला. बूट मोठा होणं हा पाचव्या भागातला विनोद होता, आणि तो अजून चित्रांत रंगवूनही झाला नव्हता.

तिसरी आकृती साधी होती. चार पाय, शेपूट, सरळ चाल. बाई पुढे वाकल्या. रेकॉर्डिस्ट काचेला नाक लावून उभा होता. एकदा पाहिलं, दोनदा, तीनदा.

“हा कुणीच नाही.”

“कुणीच नाही म्हणजे?” कुलूप म्हणाला.

“याच्यात जीव नाही. पाय हलतायत, पण भार कशावरच पडत नाही. चाकांवर आहे हे. कुणीतरी ओढतंय.”

“अरे!” रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे ओरडला. माइक चालू होता म्हणून ते ‘अरे’ खोलीभर घुमलं. शेळ्यांनी दोरीने ओढत नेलेला, भुशाने भरलेला नकली कुत्रा होता तो. दिग्दर्शिका आता जमिनीवरून उठून गुडघ्यांवर आली होती.

“चौथं,” कुलूप म्हणाला.

चौथी आकृती रुंद होती, सावकाश चालणारी, खाली जमिनीपर्यंत सरळ रेषेत उतरलेली. पाय दिसतच नव्हते. नुसता एक ठोकळा, वर डोकं. बाईंनी एकदा पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

“शेळी,” त्या म्हणाल्या.

कुलूप खुर्चीतून उठला. त्याला बसून राहणं शक्यच नव्हतं. “शेळी? नक्की?”

“शेळी.”

“ताई, परत एकदा बघा,” रेकॉर्डिस्ट माइकवरून म्हणाला.

“बघितलं मी. शेळीच आहे. मोठी दिसतेय, हळू चालतेय, पण शेळी.”

“हा प्रमुख आहे!” कुलूप म्हणाला. “लॉन्ड्रीचा प्रमुख! बुलडॉग! पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत कुत्रा! मी सांगतो काय झालंय. तुम्हाला कारकुनाचं कुणीतरी सांगितलं, बाकीचंही सांगितलं, तीन बरोबर आले. प्रमुखाचं सांगायचं राहिलं, तिथे तुम्ही अंदाज मारलात. झालं!” आणि त्याने कागद पुढे धरला.

दिग्दर्शिका पुन्हा जमिनीवर बसली होती. “बाई, तो खरंच कुत्रा आहे,” ती हळूच म्हणाली. “मी लिहिलाय त्याला.”

बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. आकृती अजून चालत होती, कुणी बंद केली नव्हती.

“तुम्ही कुत्रा लिहिला असेल,” त्या म्हणाल्या. “काढलीये शेळी. ज्यांनी काढली त्यांना बोलवा.”

सात वर्षांत चालमास्तर पहिल्यांदा खाली आले. साठीचे, काटकुळे, चष्मा दोरीला बांधलेला, पायात नुसते मोजे, कारण वर चपला घालून वावरत नाहीत. बाईंना त्यांनी मान हलवली, बाईंनी त्यांना हलवली. कुलपाने पडद्याकडे हात केला.

“मास्तर, हे कोण आहे सांगा जरा यांना.”

मास्तरांनी चष्मा चढवला. पाहिलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा चढवला. एवढं करेपर्यंत आकृती पडद्यावरून चारदा गेली.

“प्रमुख आहे,” ते म्हणाले.

“ऐकलंत?” कुलूप बाईंना म्हणाला.

“चाल मात्र...” मास्तर म्हणाले आणि थांबले.

“चाल काय?” दिग्दर्शिकेने विचारलं.

“चाल त्याची नाहीये.”

पुढचं त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं. चौथ्या भागाला अकरा दिवस उरले होते. हाताखालची दोघं आजारी पडलेली. प्रमुख तिसऱ्या भागापर्यंत टेबलामागे बसूनच असतो, चौथ्यात पहिल्यांदा चालतो, आणि त्याचा कोट जमिनीपर्यंत. पाय दिसत नाहीत, तर नव्याने चाल कशाला काढायची? कारकुनाची तयार होती. मास्तरांनी ती उचलली, ताणून रुंद केली, दीडपट सावकाश केली, वरून कोट चढवला. एकाच चालीवर दोन पात्रं चालवणं या धंद्यात नवीन नाही. गर्दीत, लांबून, सगळेच करतात. पण मास्तर करत नाहीत, अशी मास्तरांची ख्याती होती.

“म्हटलं कोटाच्या आत कोण बघतंय,” ते म्हणाले.

“आत शेळी घातलीत तुम्ही,” बाई म्हणाल्या.

“हो.”

“बुलडॉगच्या आत.”

“हो म्हटलं ना!”

कुलूप अजून लढत होता. “हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?”

“कुणाला?” मास्तरांनी पहिल्यांदा मान वर केली. “अहो, बायकोलासुद्धा नाही! चाळीस वर्षं चाली काढतोय, दुसऱ्याची चाल चोरून लावली हे मी सांगत सुटेन? आत्ताही सांगितलं नसतं. यांनी पकडलं म्हणून बोललो.”

म्हणजे चौथं उत्तर बाईंना जगात कुणीही पुरवू शकत नव्हतं. लिहिणारीला ते माहीत नव्हतं, कपाटात ते नव्हतं. जिथे बाई चुकल्या असं ठरलं होतं, नेमकं तिथेच त्या सुटल्या. सगळ्यात आधी हे रेकॉर्डिस्टच्या लक्षात आलं. तो काचेपलीकडून धावत आला आणि मधल्या दारावर त्याचं कपाळ आपटलं.

कुलपाने कागदाची घडी घातली. मग अजून एक. मग ती इतकी लहान झाली की खिशात गेली.

“किती ठिकाणी वापरली ही चाल?” दिग्दर्शिकेने मास्तरांना विचारलं.

“एकोणीस.”

“सगळी नव्याने काढायची तर?”

“पाच आठवडे.”

पाच आठवडे नव्हते. प्रदर्शनाची तारीख छापून झाली होती. दिग्दर्शिका उठली, खडीच्या चौकटीतून चालली, वाळूतून चालली, फितीच्या गवतात पाय अडकून पडता पडता वाचली, आणि मग हसायलाच लागली. आधी हळू, मग पोट धरून.

“शेळीच आहे तो,” ती म्हणाली.

“कोण?” कुलूप.

“प्रमुख! शेळीच आहे! दोघंही शेळ्या! माळ्यावरच्यांनी आधी एकाला घुसवलं आणि विसरले. मग दुसऱ्याला घुसवलं. अकरा वर्षं दोघं एका लॉन्ड्रीत बसून एकमेकांना घाबरतायत! हा त्याची चुगली करतोय, तो याची, आणि दोन्ही चुगल्या जातायत एकाच माळ्यावर!”

“पण तो कुत्रा...”

“अहो, त्याची चाल बघा! कुठल्या तोंडाने म्हणताय कुत्रा?” तिने मास्तरांचे दोन्ही खांदे धरले. “एकोणीस जागा आहे तशा राहू देत. फक्त शेवट बदलायचा. चार मिनिटं.”

“चार मिनिटं?” मास्तरांनी मनात काहीतरी हिशेब केला. त्यांचा चेहरा उजळायला लागला होता. “नऊ दिवसांत देतो. आणि शेवटी कोट काढणार ना तो? मग खालचे पाय मी काढणार. नव्याने. स्वतः.”

“काढा!”

कुलूप किल्ल्या चाचपत म्हणाला, की मग सहाव्या भागाला पुन्हा कुलूप लावावं लागेल आणि सगळ्यांच्या नव्याने सह्या घ्याव्या लागतील. कुणी ऐकलं नाही. बाईंचं प्रवेशपत्र त्याने मांडणीवर, एका पुरुषी बुटाच्या शेजारी ठेवलं. माफी मागितली नाही. चहा घेणार का, एवढं विचारलं, आणि या वेळी चहा खरंच आला. साप्ताहिकातली ओळ कारकुनाच्या नटाने केस कापून घेताना सांगितलेल्या बढाईतून फुटली होती, हे गुरुवारी कळलं. तोवर तो शेवट जुना झाला होता.

त्या मंगळवारीच दुपारी दीड वाजता बाई प्रमुखाच्या पहिल्या चालीला उभ्या राहिल्या. कारकुनाच्या टाचा चालेनात, त्या फार हलक्या होत्या. त्यांनी मांडणी उपसली. पुरुषांच्या जड बुटांच्या तीन टाचा उपटल्या, दोन फेकल्या, एक ठेवली, तिला बायकी टाच जोडली. दिग्दर्शिका आणि मास्तर दोघंही खोलीत थांबले होते, आणि या खोलीत काम चालू असताना बाहेरचं कुणी थांबत नाही.

“हा पावलं मुद्दाम जड टाकतो,” बाई रेकॉर्डिस्टला म्हणाल्या. “बुलडॉग वाटावं म्हणून. मनातून घाबरलेला आहे. प्रत्येक चौथ्या पावलाला विसरतो आणि हलकं पडतं. तेवढं धर.”

“चौथं हलकं,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. “चालू.”

पडद्यावर कोट निघाला. बाईंनी मोज्याची थाप मारली, खाली टाच दाबली, जड, जड, जड, आणि चौथ्याला हात उचलून नुसतं टेकवलं. टिक. एवढासा आवाज. भल्या थोरल्या कोटाखालून एक घाबरट शेळी पळभर बाहेर डोकावून परत आत गेली.

दिग्दर्शिका खदखदून हसली.

“कट,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. “हसू आलंय आत.”

दुसरा टेक. जड, जड, जड, टिक. या वेळी मास्तर.

“कट.”

तिसऱ्यात दोघंही एकदम. बाईंनी टाचा खाली ठेवल्या, मोजे काढले, आणि दाराकडे हात केला.

“बाहेर,” त्या म्हणाल्या. “दोघंही. आणि दार ओढून घ्या.”

मास्तर मोज्यांवर, दिग्दर्शिका अनवाणी, हसू दाबत बाहेर गेले. दार बंद झालं. बाईंनी मोजे पुन्हा चढवले, पिना तपासल्या आणि काचेकडे मान हलवली.